दोन सह्यांमधला रस्ता

काम अगदी साधं होतं. लॉरेल खिंडीतून जाणारा रस्ता केंद्र सरकारच्या राष्ट्रीय उद्यानाकडून आमच्या राज्याकडे यायचा होता. दर हिवाळ्यात दरड कोसळायची, उद्यानवाले वैतागले होते. राज्याला मात्र तोच रस्ता रुंद करून हवा होता. मी राज्याच्या रस्ते खात्यात मोजणीदार. उद्यानाकडून आला होता ऑर्विल मेसर, निवृत्तीला टेकलेला रेंजर. आम्ही दोघं वर्षानुवर्षं हद्दीवरून भांडत आलो होतो, त्यामुळे चांगलीच गट्टी होती.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. आधी नव्या मालकाचा लोखंडी खुंटा ठोकायचा, मगच जुन्याचा उपटायचा. जमीन क्षणभरही बिनखुंट्याची ठेवायची नाही. का, ते कुणी सांगत नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

खिंडीच्या माथ्यावर ऑर्विल सरळ पहार घेऊन आपल्या खुंट्याला भिडला.

"अरे म्हाताऱ्या, थांब की! माझा खुंटा पिशवीतून काढू तरी दे."

"वॉशिंग्टनची सही सकाळीच झाली, डेल्फिया. जमीन आता माझी नाही. सरकारी लोखंड जमा केलं की मी सुटलो."

"आमच्या गव्हर्नरची सही व्हायचीय अजून. जेवणं आटोपली की करतील."

"तुझे गव्हर्नर जेवतील सावकाश. घरी बायकोनं, झेल्मानं, ॲपल पाय भाजलाय. गार झाला तर ती मलाच भाजून काढेल."

हसतहसत त्यानं पहारीवर भार दिला. दात उपटावा तसा खुंटा निघाला. आणि पाखरं गप्प झाली, सगळी एकदम.

धुकं उतरलं. खिंडीत ते उतरतंच, त्याचं काही नाही. आमचा ट्रक वळणापलीकडे उभा होता. आम्ही चालत निघालो, वळण घेतलं, आणि समोर तेच उपटलेल्या खुंट्याचं भोक. आधी हसलो. पुन्हा निघालो. पुन्हा तेच भोक. मग उलट्या दिशेनं, उताराला लागलो. पाय उतरत होते हो, गुडघ्यांना कळत होतं, तरी पोचलो माथ्यावरच.

"ऑर्विल... हे काय चाललंय?"

तो हवा हुंगत होता. ओल्या लाकडाचा धूर, चरबीत तळलेलं मांस, मक्याचा ब्रेड. खाली कुठेतरी कुऱ्हाड चालत होती.

त्या खिंडीत आमच्या आईबापांच्या काळापासून माणूस राहत नाही. उद्यान करायचं म्हणून सरकारनं वस्ती उठवली, घरं पेटवून दिली. त्यात ऑर्विलच्या आजोबांचंही घर होतं. पुढे नातवानं त्याच सरकारची नोकरी धरली, म्हणून म्हातारा मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही.

धुक्यातून एक बाई आली. डोक्याला उन्हासाठीची जुन्या वळणाची कापडी टोपी, हात पिठानं माखलेले.

"सरकार गेलं?" तिनं विचारलं.

ऑर्विल एक पाऊल मागे सरला.

"गेलं का, म्हणते मी?"

"सकाळी... गेलं."

"आणि दुसरं?"

"यायचंय अजून," मी बोलून गेले.

तिचा चेहरा उजळला. वळून तिनं हाळी दिली, "या गं, या रे! जमीन मोकळी झाली!"

मग पावलं वाजायला लागली. म्हाताऱ्यांची, पोरांची, कुत्र्यांची. गाडीची चाकं करकरली. सगळी येऊन आमच्या भोवती उभी राहिली. चेहरे दिसत नव्हते, श्वास तेवढे ऐकू येत होते. मी इतकी घाबरले की मोठ्यानं रडायला लागले. घरी जायचंय, घरी जायचंय, एवढंच म्हणत होते.

"हा तर आपला मेसर," बाईनं ऑर्विलची हनुवटी धरली. "नाक बघा की! जेवून जा, पोरा."

"बायको वाट बघतेय माझी..."

"बघू दे. आम्ही किती बघितली."

मी पिशवीतून राज्याचा खुंटा काढला, भोकात घातला आणि हातोडा हाणला. खुंटा जाईना. खालून कुणीतरी तळहात लावला होता जणू. पुन्हा हाणला. पुन्हा.

"ठोकत राहा, पोरी," ऑर्विल म्हणाला. आवाज लांब गेला होता. "थांबू नकोस... मी येतोच..."

एकाएकी खुंटा मातीत शिरला. तिकडे राजधानीत गव्हर्नरनी त्याच घटकेला सही केली असणार. धुकं फाटलं. समोर वळण, वळणावर ट्रक. रस्त्यावर मी एकटी.

शोध लागला नाही. उद्यानवाले म्हणाले, रस्ता राज्याचा, राज्यानं शोधावं. राज्य म्हणालं, माणूस केंद्राचा. शोधाची कुत्री खुंट्याभोवती फिरून तिथेच बसली. झेल्मा अजून दोन ताटं मांडते. तिला काय सांगू मी?

आता ऐका. दोन मोजण्यांमध्ये कुठे ना कुठे सांद राहतेच. माझं अंगण आणि शेजारच्या हॉबर्टचं अंगण, मध्ये हातभर रुंदीची पट्टी दोघांच्याही दस्तात नाही. मागच्या आठवड्यात त्या पट्टीतलं गवत आडवं पडलं. परवा वाळलेले कपडे काढताना तिथून आवाज आला. अगदी हळू, धाप लागलेला.

"डेल्फिया... इथं कुणाची हद्द नाही ना गं? मग उभा राहू ना जरा?"

हॉबर्ट म्हणतो, ती पट्टी तूच घेऊन टाक. कागद स्वयंपाकघरात पडलेत. सही केली की पट्टी माझी. पण मग ऑर्विल जाईल कुठे? तेवढीच जागा उरलीय त्याला. आणि नाही केली तर... त्याच्यामागून आणखी किती येतील?

काल टेप लावून पट्टी मोजली. दोन हात भरली. आज पुन्हा मोजली. माझं कुंपण जागचं हललेलं नाही, हॉबर्टचंही नाही. पट्टी माझ्या मागच्या दारापर्यंत आलीय.