ग्यानबाचं पोतं

पिंपळे गुरवात त्या रात्री लाइट गेली होती आणि साहेबराव पार्किंगमधल्या सिमेंटच्या बाकावर बसून होते. लिफ्ट बंद. चार मजले चढायचे तर गुडघ्यांना विचारावं लागतं, आणि गुडघे तयार नव्हते. समोर दुसऱ्या मजल्यावरचा बंटी मोबाइलच्या उजेडात आपली नवी, म्हणजे चौथ्या मालकाची, जीप पुसत होता. त्याची आई विजयश्री त्याला जेवायला बोलवायला आली होती. "चल लवकर, सकाळी माझे डबे आहेत," असं म्हणत म्हणत तीही बाकाच्या कडेला टेकली. दिवसभर पायावर असलेल्या बाईला बाक दिसला, की पोरगं उपाशी आहे हे तासभर तरी आठवत नाही.

"काका, गाडीला मागं विंच बसवतोय," बंटी म्हणाला. "चिखलात रुतलो की हुक झाडाला अडकवायचा, बटण दाबायचं. लोखंडी रोप गुंडाळला जातो, गाडी आपोआप बाहेर."

"आपोआप?" साहेबराव म्हणाले. "बसवणार कोण?"

"महाळुंग्यात आहेत ना ते, उद्धवराव."

साहेबरावांनी नकारार्थी मान हलवली.

"तो आता बसवत नाही. आम्ही कंपनीत अठरा वर्षं एका लाइनवर काढली आहेत, मला विचार. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस आहे, भूत वगैरे मानत नाही. त्यानं मला जे सांगितलं तेवढंच सांगतो. विजयश्री, तुला घाबरायला होत असेल तर वर जा."

"मी कुठं घाबरते?" असं म्हणून विजयश्रीनं पाय बाकावर घेतले.

मग साहेबरावांनी सांगायला सुरुवात केली.

कंपनी सुटल्यावर उद्धवरावांनी महाळुंग्यात पत्र्याची शेड टाकली. जागा ग्यानबाची. गावचाच गडी, पासष्टीचा, पण मनगट असं की पान्याशिवाय नट सैल करेल. उद्धवरावांनी विंच बसवायचा आणि ग्यानबानं रोप भरायचा, अशी दोघांची वाटणी.

रोप भरणं म्हणजे काय, ते बंटीला माहीत नव्हतं. नवा विंच बसवला की त्याचा लोखंडी रोप ड्रमवर ताणाखाली गुंडाळून घ्यावा लागतो. सैल गुंडाळला तर पहिल्याच ओढीला एकात एक रुतून बसतो. म्हणून सगळा रोप बाहेर काढायचा, टोकाचा हुक एखाद्या पक्क्या गोष्टीला अडकवायचा, हँडब्रेक अर्धवट लावायचा आणि बटण दाबून गाडी त्या हुकाकडं हळूहळू खेचायची. त्यासाठी ग्यानबानं अंगणात रेल्वेच्या रुळाचा तुकडा काँक्रीटमध्ये गाडला होता. उद्धवरावांच्या हातात रिमोट असायचा. ग्यानबा हातमोजे घालून रोपाला दिशा द्यायचा. इंजिनाच्या आवाजात बोललेलं कळत नाही, म्हणून तो गाडीच्या पत्र्यावर टपली मारायचा. दोन टपल्या म्हणजे ओढ. एक टपली म्हणजे थांब.

आणि ओढायच्या आधी, दर वेळी, कांद्याचं एक तागाचं पोतं बादलीत भिजवून रोपावर मधोमध टाकायचं. कारण ताणलेला रोप तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. ओलं पोतं जड असतं, ते त्याला जमिनीवर पाडतं.

"आन् कोरडं टाकलं तर?" एकदा उद्धवरावांनी चेष्टेनं विचारलं होतं.

"कोरडं टाकन्यापरीस मग टाकूच नगं की," ग्यानबा म्हणाला होता.

दोन हजार तेवीसच्या एप्रिलमध्ये एका दुपारी घाई होती. तिसरी गाडी, ऊन, उद्धवरावांच्या पोटात सकाळपासून फक्त चहा. पोतं आणायची पाळी त्यांची होती. ग्यानबा वाकून रोपावरून हात फिरवत होता. उद्धवरावांना वाटलं, एवढ्यानं काय होतंय... आणि त्यांनी बटण दाबलं.

रोप तुटला. ग्यानबाच्या छातीवर बसला.

माणसं धावत येईपर्यंत उद्धवरावांनी एकच गोष्ट केली. भिंतीशी घडी घालून ठेवलेलं पोतं उचललं आणि रोपाशेजारी टाकलं. सगळ्यांना सांगितलं, पोतं होतं, पण घसरलं. नशीब. सगळ्यांनी मान हलवली. ग्यानबाच्या बायकोच्या, छबूबाईंच्या हातात ते पोतं तिथल्या तिथं त्यांनीच दिलं. त्यांनी ते नवऱ्याबरोबर चितेवर ठेवलं. त्याच्या हातातली वस्तू म्हणून.

त्यानंतर उद्धवरावांनी शेडमध्ये तागाचं पोतं येऊ दिलं नाही. रोपावर टाकायला बाजारातलं जाड रेक्झिनचं कव्हर आणून खिळ्याला टांगलं, पण ते तसंच राहिलं. विंच बसवायचे, पण रोप भरायला गाडी दुसरीकडं पाठवायचे. झोप गेली. माणूस आठ महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला.

"मग?" बंटीचं पुसायचं फडकं कधीचं थांबलं होतं.

मग आला चौदा डिसेंबर. गुरुवार. मार्गशीर्षातला पहिला. चाकण पट्ट्याला गुरुवारची सुट्टी असते. बस नाहीत, ट्रेलर नाहीत, रस्त्यावर कुत्रंसुद्धा आरामात झोपतं. सुजित नावाच्या गिऱ्हाइकाला पहाटे पाचला कोकणात निघायचं होतं आणि त्याच्या जीपला मागचा विंच बसवून हवा होता. कामाची माणसं सुट्टीवर. रोप भरायला गाडी दुसरीकडं न्यावी तर सगळं बंद. घरी बायकोचा, अंबूबाईंचा उपास, नैवेद्य झाकून ठेवलेला, दोन फोन येऊन गेले.

"येतो गं. एवढं भरलं की आलोच."

साडेनऊ वाजले. मागचा बंपर बसला. पुढच्या बॅटरीपर्यंत केबल ओढून झाली. चारही बोल्ट आवळले. पाठ भरून आली होती, डोळे मिटत होते. त्यांनी रोप सगळा बाहेर काढला, हुक रुळाला अडकवला, इंजिन चालू केलं आणि रिमोट हातात घेऊन बाजूला उभे राहिले.

ठक. ठक.

पत्र्यावर. इंजिनाचाच आवाज असेल, त्यांना वाटलं.

ठक. ठक.

अंगठा आपसूक दाबला गेला. इतक्या वर्षांची सवय. गाडी इंच इंच मागं सरकायला लागली. रोप ड्रमवर बसत होता... एकाला एक लागून. सरळ. कुठं फट नाही. रोपाला दिशा द्यायला कुणी नव्हतं. उद्धवरावांचे हातमोजे त्यांच्याच खिशात होते.

ठक.

एकच.

त्यांनी बटण सोडलं. पुढं होऊन चावी फिरवली. इंजिन बंद. आता काहीच आवाज नाही. लांब हायवेसुद्धा नाही.

तेव्हा त्यांना आठवलं. कव्हर. कव्हर टाकायचंच राहिलं. पुन्हा.

ते वळले. खिळ्यावरनं कव्हर काढलं. पाच पावलं जायची, पाच यायची. परत फिरले तर...

रोपावर पोतं होतं.

मधोमध. तागाचं. दोन्ही बाजूंनी सारखं लोंबणारं. त्याच्यातून पाणी गळत होतं. खालची माती काळी झाली होती. शेडच्या नळाला दोन दिवस पाणी नव्हतं. बादली पालथी होती.

"ग्यानबा..."

त्यांनी हातातलं कव्हर खाली ठेवलं.

"ग्यानबा, पोतं नव्हतं." पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाले ते. "त्या दिवशी पोतं नव्हतं. मी टाकलंच नाही."

बराच वेळ गेला. पाण्याचे थेंब तेवढे पडत होते.

मग...

ठक. ठक.

त्यांनी रडत रडत बटण दाबलं.

पहाटे सुजित आला, ड्रमवरचा रोप बघून म्हणाला, "वा राव, मशीनवर भरल्यासारखा भरलाय." उद्धवरावांनी त्याला चावी दिली. घरी गेलेच नाहीत. पोतं हातात घेऊन थेट गावात, छबूबाईंच्या दारात.

छबूबाई ओट्यावर कांदे निवडत होत्या. त्यांनी पोतं घेतलं, उलटं केलं, तोंडाशी हिरव्या सुतळीची शिवण होती तिच्यावरनं बोट फिरवलं.

"ही शिवन तर माजी हाय," त्या म्हणाल्या. "हे तर आपन जाळलं, भाऊ."

"वहिनी, एक सांगायचंय. त्या दिवशी रोपावर पोतं..."

"नव्हतं. ठावं हाय मला."

उद्धवरावांनी मान वर केली.

"तुमी माज्या हातात दिलं, तवा कोरडं ठाक व्हतं," छबूबाई म्हणाल्या. "त्येंनी पोतं टाकलं आन् भिजवलं न्हाई, आसं हुईल व्हय? तवाच कळलं मला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी कदी बोलताय, ते बघत व्हते." त्यांनी पोतं पिळलं. पाणी ओट्यावरनं खाली गेलं. "बसा. च्या ठेवते. रातभर जागलेलं दिसताय."

साहेबराव थांबले. लाइट अजून आली नव्हती. विजयश्रीनं बंटीचा शर्ट मागून धरला होता, आणि तो धरलाय हे तिला माहीत नव्हतं.

"ओलं पोतं काय, कुणीही टाकेल," बंटी म्हणाला. आवाज जरा बारीक आला. "गावातल्या कुणीतरी..."

"मीही हेच म्हणालो उद्धवला. म्हणून मग मी स्वतः गेलो होतो बघायला. मे महिन्यात. बेचाळीस डिग्री. छबूबाईंनी ते पोतं परसात तारेवर टाकलंय, डिसेंबरपासून. शेजारी त्यांचं लुगडं होतं, वाळून पापडासारखं झालेलं." साहेबराव गुडघ्यांवर हात टेकून उठले. "मी पोत्याला हात लावून बघितला."

ते जिन्याकडं वळले. दोन पायऱ्या चढले.

"काका..."

"हात पुसायला मला रुमाल काढावा लागला, बंटी."