खोटं जोतं

हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल इथेच थांबावं. पण ताईच्या कपाळावरचे टाके मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. आणि हे घडलं ते रात्री-बेरात्री नाही...

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी. समुद्राला लागून असलेल्या एका मोकळ्या जागेवर.

जागा ताई-भावोजींनी हौसेने घेतलेली. मागे झाडं, पुढे वाळू, मग नुसतं पाणी. व्यवहार उरकल्यावर कळलं, तिथे घर बांधताच येत नाही. भरतीच्या रेषेच्या इतक्या जवळ नवीन बांधकामाला बंदी. आधीपासून घर असेल, तरच त्याच जोत्यावर तेवढंच घर पुन्हा उभारायला परवानगी.

ताईने जागेच्या एजंटला धारेवर धरलं. "हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुमचं?"

एजंट हसला. "वहिनी, जुनं घर नाही तर आणू की! काळे पडलेले दगड मांडायचे, थोडं शेवाळ. पाहणीला साहेब आले की म्हणायचं, आजोबांचं घर होतं, वादळात पडलं."

"ही सरळसरळ फसवणूक झाली."

"छे हो! जागेला फक्त आठवण करून द्यायची. तिला नसलेली."

भावोजीही हसले. भावोजी म्हणजे गरीब गाय. घरात झुरळ निघालं तरी ताईला हाक मारणारे.

रस्ता रुंद करायला कुठेतरी एक जुनं घर पाडत होते. एजंटने तिथलेच दगड उचलले. मांडणी बनावट वाटू नये म्हणून गवंड्याने प्रत्येक दगडावर खडूने खूण केली आणि जोतं होतं तसंच्या तसं इथे बसवलं. तीच दिशा. त्याच खोल्या. उंबरठासुद्धा तोच.

त्या घरात कोण राहत होतं, हे कुणी विचारलंच नाही.

पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी ताई, भावोजी आणि त्यांची तीन वर्षांची चिमी जागेवर गेले. एजंटही आला. दगडांना माती फासायची राहिली होती.

चिमी उंबरठा ओलांडून आत गेली. कोपऱ्यात शिंपले मांडून बसली.

तेवढ्यात लाटांचा आवाज थांबला.

लाटा येत होत्या. फुटताना दिसत होत्या. पण आवाज नाही...

मग कडी लागली. लोखंडी कडी. आतून.

तिथे दार नव्हतं. भिंतही नव्हती.

"चिमे, बाहेर ये!" ताई ओरडली.

चिमीने मान वर केली. आईकडे नाही. समोर. कुणी उभं असावं तशी. मग तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले...

धप्प.

ओल्या पोत्यावर दांडका हाणावा तसा आवाज. चिमी आडवी झाली.

धप्प.

पाठीवरचा फ्रॉक फाटला. आतून लाल दिसलं.

"आलो गं बाळा!" भावोजी एका ढांगेत उंबरठ्याच्या आत गेले. आणि तिथेच थबकले. वाकलेली पाठ सरळ झाली. त्यांनी गवंड्याची पहार उचलली.

"अहो, तिला उचला ना!"

ते वळले. चेहरा त्यांचाच. ओळख मात्र कुठेच नाही.

"दार कुणी उघडलं?"

हा आवाज भावोजींचा नव्हता.

"दादा, मस्करी पुरे आता," म्हणत एजंटने पहारीला हात घातला. पहार वर गेली आणि त्याच्या कोपरावर आली. सुकी फांदी मोडावी तसं हाड मोडलं. तो वाळूत लोळत गुरासारखा हंबरायला लागला.

ताईने मागचापुढचा विचार केला नाही. आत घुसली.

आत अंधार होता.

भर दुपारी, उघड्या आभाळाखाली... मिट्ट काळोख. हाताला भिंती लागत होत्या. कुणीतरी तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तोंडात रक्त आलं. ती चाचपडत राहिली. कोपऱ्यात एक इवलासा पाय हाती लागला. तिने तो जीव खाऊन ओढला, मूठभर केस त्या हातात सोडले आणि उंबरठ्याबाहेर कोसळली.

ऊन. लाटांचा आवाज.

कुशीत मुलगी होती. डोळे टक्क उघडे.

भावोजी जोत्यावर बसून ढसाढसा रडत होते. "मी काय केलं? माझ्या हातात हे काय आहे?"

दवाखान्यात सगळ्यांनी एकच सांगितलं, दगडांवरून पडलो. एजंटचा हात पुन्हा सरळ झाला नाही. तो आता फोन उचलत नाही.

"जागा गेली खड्ड्यात," ताई म्हणाली. पण त्या गडबडीत पाहणी रद्द करायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी पाहणीच्या साहेबांचा फोन आला. आवाजात राग होता.

"मॅडम, पडकं जोतं कसलं सांगता? अख्खं घर उभं आहे तिथे. आणि एवढं लहान पोर कोंडून जाता? आई, आई करून आकांत चाललाय तिचा. मी खिडकीतून नाव विचारलं, तर चिमी म्हणाली."

ताईने मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं.

पाठीला टाके पडले होते. इंजेक्शनं झाली होती. कालपासून मुलगी एकदाही रडली नव्हती...

ताई-भावोजी धावत जागेवर गेले. तिथे नुसते दगड होते.

त्यानंतर ताई रोज मला फोन करायची. एकच प्रश्न. "तुलाही बाळ आहे, तूच सांग. ही मांडीवर आहे, हिला धरून बसू? की तिला आणायला परत आत जाऊ?"

मी नुसतं "सांभाळ गं" म्हणायचे.

परवा तिचा फोन आला नाही. मी केला, तर भावोजींनी उचलला. ताई सकाळीच बाहेर पडली म्हणाले.

मुलीला घरी ठेवून.

अजून आलेली नाही...