वरच्या वर्गाची वेटिंग रूम

विषय : वरच्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये झालेली नोंद दुरुस्त करून मिळण्याबाबत.
संदर्भ : सन १९७१, मे महिना, भर दुपार.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की… राहू द्या. रेल्वेच्या माल कचेरीत जन्म गेला. बायकोकडे चहा मागतानाही मी 'मिळावा, ही विनंती' म्हणतो, असं ती सांगते. वीज गेली आहे, कंदील जवळ घेतो आणि सरळ भाषेत सांगतो.

मी गहिनीनाथ तुपे, नगरचा. रेल्वेत माणसाची किंमत त्याच्या पासावरून कळते. माझा पास दुसऱ्या वर्गाचा. आप्पासाहेब माझ्याबरोबरच नोकरीला लागलेले. एकच टेबल, एकच दौत, आणि अक्षर माझ्यापेक्षा वाईट. तरी ते हेडक्लार्क झाले आणि त्यांना फर्स्ट क्लासचा पास मिळाला. तेव्हापासून पास सदऱ्याच्या खिशात असायचा, कोपरा बाहेर दिसेल एवढाच. कचेरीत त्यांनी घाम पुसला तरी मला तो कोपरा दिसायचा. जेवण गोड लागेना.

त्यांना मूल नव्हतं. आम्हाला छबी होती, चार वर्षांची. पगारश्रेणी आणि पोरं देवानं वेगवेगळ्या खात्यांतून वाटली असावीत.

एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न आटोपून आम्ही दोन्ही कुटुंबं परत निघालो होतो. स्टेशनचं नाव सांगत नाही. आमच्याच लाइनीवर, मनमाडच्या बाजूला आहे. वीज नाही, वस्ती लांब. बसायला पत्र्याची शेड. आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला, इंग्रज साहेबांच्या काळात बांधलेली, वरच्या वर्गाची वेटिंग रूम. तिच्या दाराला वाळ्याचा पडदा होता. बाहेर स्टुलावर एक म्हातारी आया बसून तांब्यातून त्यावर पाणी मारत होती. त्या भाजणाऱ्या उन्हात ओल्या वाळ्याचा वास शेडपर्यंत आला, आणि खरं सांगतो, मला त्या वासाचासुद्धा राग आला.

गाडी लेट होती. छबीला ऊन लागलं होतं. डोळे अर्धे मिटून ती आईच्या खांद्यावर पडली होती.

"पोरीचं अंग तापलंय वो," चांगुणा, माझी बायको, म्हणाली. "जरा सावली बघा की."

"शेड आहे ना."

"शेड? तवा हाय ह्यो."

तेवढ्यात आप्पासाहेब आणि रतनवहिनी आमच्यासमोर येऊन थांबले. आप्पासाहेबांनी खिशातला पास उगाच चाचपला.

"गहिनीनाथ, तुला काही आत घेता येणार नाही. नियम तुला ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे. माझ्याच अक्षरात कचेरीत लावलाय."

"पण पोरीला घेतो आमच्याबरोबर. माझ्या पासावर."

"तुमच्या पासावर मुलगी कुठाय?"

"आया वाचते थोडीच? ती तोंडी विचारते."

रतनवहिनींनी हात आधीच पुढे केले होते. चांगुणानं मला बाजूला ओढलं.

"नगं. ती बाई बघा… कवाधरनं पानी मारतीया, अन् खाली एक थेंब न्हाई."

"तुला आता पाणीही मोजायचंय का?" मी म्हणालो. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. मला नाही तर नाही, निदान माझं रक्त तरी त्या वेताच्या खुर्चीत बसेल. आप्पासाहेबांच्या पासातला तेवढा वाटा तरी माझा. मी छबीला वहिनींच्या हातात दिलं आणि त्यांच्या मागोमाग पडद्यापर्यंत गेलो.

आयेनं मान वर केली नाही.

"कोन?"

"मी. हेडक्लार्क."

"आनि?"

"माझी बायको."

"आनि ही? ही कुनाची?"

आप्पासाहेब अडखळले. उत्तर रतनवहिनींनी दिलं, अगदी हलक्या आवाजात.

"आमची."

"पुन्ना सांगा."

"आमची."

मग आयेनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. डोळे ओले होते, पडद्यासारखे.

"कुनाची हरकत?"

आता सांगा, आयुष्यभर माझ्या टेबलावर हाच प्रश्न यायचा. माणसं जागा मागायची, माल मागायची, आणि कागदाच्या कडेला मी तेच दोन शब्द लिहायचो. सवय मोठी वाईट. शिवाय मला गंमतही वाटली.

"हरकत नाही," मी म्हणालो.

पडदा पडला.

मी शेडमध्ये परत आलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की कावळे गप्प झालेत. पत्रा तडतडायचा थांबला होता. एवढ्या उन्हात आवाज कसला तर फक्त पडद्याआड छबीच्या हसण्याचा, आणि तोही लांबून, विहिरीत खाली कोणी हसावं तसा. चांगुणा उठून उभी राहिली होती.

"घरी अशी कधी हसली न्हाई ती," ती म्हणाली.

सिग्नल पडला. मी दाराशी गेलो.

"मुलीला पाठवा."

"कोनती मुलगी?" आयेनं विचारलं.

"माझी. आत आहे ती."

"आत एक पोरगी हाय… ती त्यांची."

मी हसलो. ती हसली नाही. पडदा बाजूला झाला आणि रतनवहिनी छबीला कडेवर घेऊन बाहेर आल्या. पोरीचा ताप पार उतरला होता. केसांना ओल्या वाळ्याचा वास येत होता. मी हात पुढे केले. छबीनं माझ्याकडे पाहिलं, आपण तिकीट तपासनिसाकडे पाहतो तसं, आणि वहिनींच्या मानेत तोंड लपवलं.

"आई, हे कोण?"

"अगं, बाबा हाय तुझा!" चांगुणा ओरडली.

"गहिनीनाथ, शपथ सांगतो, मी काही…" आप्पासाहेब म्हणाले. पण त्यांचा हात पोरीच्या पाठीवर होता, आणि तो त्यांनी काढला नाही.

नगरला आम्ही तिला ओढूनच घरी आणलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती पाहुण्यासारखी वागली. ताटातलं सगळं संपवलं, चांगुणाला 'मावशी' म्हणाली, आणि अंथरुणाची घडी घालून दाराशी बसली. म्हणाली, "मला घरी कधी सोडणार?" रोज हेच. डॉक्टर झाले, देवऋषी झाला, मढीला नाथाच्या पायावर घातली. तिथंही तिनं शहाण्यासारखा नमस्कार केला आणि मला विचारलं, "आता घरी?"

शेवटी तिचं खाणं तुटलं. तेव्हा चांगुणानंच तिला समोरच्या, आप्पासाहेबांच्या क्वार्टरमध्ये नेऊन सोडलं. परत येऊन तिनं आमची खिडकी लावून घेतली. मी ती उघडायचो. समोरच्या ओट्यावर आप्पासाहेब छबीची वेणी घालताना दिसायचे. वाकडी घालायचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून आता काही डोकावत नव्हतं. पास कुठं पडला असेल याची त्यांना शुद्ध नव्हती. मला वाटलं होतं, वाईट वाटायचं तेवढं त्या पासापायीच वाटून झालं. तसं नव्हतं.

त्र्याहत्तरात मलाही बढती मिळाली. फर्स्ट क्लासचा पास आला. मी आणि चांगुणा तो घेऊन थेट त्या स्टेशनवर उतरलो, पुन्हा भर दुपारी. वेटिंग रूमला कुलूप होतं. दाराला पडदा नव्हता. आसाराम मास्तर म्हणून एक भला माणूस तिथं होता.

"आया? साहेब, इथं आया कधीच नव्हती. पोस्टच मंजूर नाही. खोलीत गोणपाटं आहेत." असं म्हणून ते गाडीला झेंडी दाखवायला गेले.

गाडी निघून गेली, आणि दाराच्या फटीतून वास आला. ओल्या वाळ्याचा. मग कावळे गप्प झाले.

"कोन?"

मी पास कुलपासमोर धरला. "मी. फर्स्ट क्लास."

"आनि?"

"बायको."

"आनि?"

चांगुणानं दाराच्या लाकडाला तोंड लावलं. "छबी. माझी हाय ती, बाई… मी जल्म दिलाय."

मग आतून, कंटाळलेल्या, शांत आवाजात, ज्या आवाजात मी उभा जन्म खिडकीवरच्या माणसांशी बोललो त्याच आवाजात उत्तर आलं.

"नोंद त्यांच्या नावावर झालीया. तुमी हरकत न्हाई म्हनला हुता… अर्ज करा."

मी शेडमध्ये बसून अर्ज लिहिला. आयुष्यात त्याहून चांगला मसुदा माझ्या हातून उतरला नाही. कागद दाराखालून सरकवला. अर्धा आत गेला असेल, तोच तो माझ्या बोटांतून अलगद काढून घेतला गेला. कागदाचं टोक ओलं लागलं.

तेव्हापासून दर मे महिन्यात मी स्मरणपत्र घेऊन जातो. आसाराम मास्तर कधीच बदलून गेले. कुलूप गंजून दाराशी एकजीव झालं आहे.

परवा छबीच्या लग्नाची पत्रिका आली. आप्पासाहेब आणि रतनवहिनी दोघं घेऊन आले होते, फार थकलेत. पत्रिकेवर 'कन्या' कोणाची ते लिहिलं आहेच, आणि आमचं नाव शेजारी म्हणून निमंत्रितांत आहे. चांगुणानं ती वाचली नाही. नाकाशी धरली, आणि माझ्या हातात दिली. मी वास घेतला नाही. मला ठाऊक होता.

लग्न जूनमध्ये आहे, म्हणून यंदा तातडीचा शेरा मारून कागद दाराखाली सरकवला. नेहमीप्रमाणे तो आतून ओढून घेण्यात आला. म्हणजे आवक झाली आहे.

उत्तर नाही. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.