काळ्या खोलीचं दार

दार हलेना.

फौजदार सुचिताने अंधारात फटीत नखं रोवून पुन्हा ओढून पाहिलं. आतून ना कडी, ना मूठ. धामणगाव बढेहून रजा काढून ती मुंबईच्या या कलाकेंद्रात आली होती, धाकट्या बहिणीसाठी. चित्रकार धम्मशीलाची तीन वाजता शिष्यवृत्तीची मुलाखत होती. तोवर अंधारात नुसते आवाज ऐकवणारी ही काळी खोली पाहू, म्हणून दोघी पार टोकापर्यंत शिरल्या होत्या.

"ताई, मले श्वास घेता येऊन नाही राह्यला."

"घाबरू नको," राजकुमार म्हणाला. देऊळगाव राजाचा हा चित्रकार त्यांच्या मागून आत आला होता. त्याची मुलाखत सकाळीच आटोपली होती. शिष्यवृत्ती एकालाच मिळणार होती.

फोन बाहेर जमा होते. जाड भिंतींतून हाका बाहेर जात नव्हत्या. धम्मशीला भिंतीला टेकून धापा टाकत होती.

पहारेकरी दयारामने दार उघडलं, तेव्हा तीन कधीच वाजून गेले होते.

"दार कोणी लावलं?" सुचिताने विचारलं.

"मी नाही, मॅडम. मीच खाली लाकडी गुटका लावून उघडं ठेवलं होतं. मी तिकडे वळणावर बसलो होतो, तिथून दार दिसत नाही. तुमच्यामागून फक्त हे साहेब गेले."

"अन् एकदा लागलं की?"

"बाहेरून माझ्या कार्डानंच उघडतं."

"म्हणजे यानंच लावलं!" राजकुमार उसळला.

"तू आला तेव्हा गुटका होता?"

"नाही. दार लागलेलंच होतं. ढकललं अन् आत आलो."

"पक्कं?"

"हाव ताई."

सुचिताने बाहेरून दार ओढून घेतलं. "ढकल."

राजकुमारने ढकललं. दार जागचं हललं नाही.

"कार्डाशिवाय उघडत नाही. दयारामनं तुले उघडून दिलं नाही. म्हणजे तू आला तेव्हा ते उघडंच होतं. गुटका काढून तूच लावलं. संशय येऊ नये म्हणून स्वतःलेही कोंडून घेतलं. तुही मुलाखत झाली होती, कोंडून राह्यला तरी तुहं काय बिघडत होतं? पिशवी दाखव."

पिशवीत गुटका निघाला.

"काऊन केलं बे असं?" धम्मशीलाने विचारलं.

"तुह्यापुढं माहा टिकाव नव्हता. मले गावात जाऊन पुन्हा दुकानाच्या पाट्या नव्हत्या रंगवाच्या."

सुचिता धावतच वर मुलाखतीच्या खोलीत गेली. निघायच्या बेतात असलेले परीक्षक सगळं ऐकून पुन्हा खुर्च्यांवर बसले. धम्मशीला आत आली. एक परीक्षक दार लावायला उठले.

"राहू द्या ना," ती म्हणाली. "उघडंच राहू द्या."