दोन टेकड्यांमधला बाजार

"गळ आहे, गळ! मासे पकडायला!" होडीत लांबट पिशवी छातीशी धरत चुनीलालकाका म्हणाले.

फाल्गुनीने रिषभकडे पाहिलं, रिषभने फाल्गुनीकडे. शहाद्यातल्या त्यांच्या जैन घरात कांदासुद्धा चोरपावलांनी यायचा. आणि काका मासे पकडणार?

"ताई," रिषभ कुजबुजला, "काका आपण होऊन सोबत आले, तेव्हाच मला वास आला होता!"

"माशांचा?"

यामिनी खुदकन हसली. फाल्गुनीच्या वर्गातली ही मैत्रीण त्यांना मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या गावी, मणिबेलीला नेत होती. होडी तिचा आजा, गुलाबसिंग, चालवत होता. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे काळे शेंडे वर आलेले, बुडणाऱ्या माणसाच्या बोटांसारखे.

"खाली काय आहे?" रिषभने विचारलं.

"आमचं जुनं गाव," यामिनी म्हणाली. "धरणाचं पाणी आलं आणि सगळं खाली गेलं."



दुपारी यामिनीच्या घरी जेवून पाहतात तो काका गायब! वारा पडलेला. कुत्रीही गप्प. आणि उतारावरून एक विचित्र आवाज येत होता. टूंऽऽ... टूंऽऽ...

यामिनीचा चेहरा उतरला. "तिकडे कोणी जात नाही. तिकडे आमची गेलेली माणसं आहेत!"

तिघं धावत सुटली. सागाच्या झाडांपलीकडे गेलेल्या माणसांच्या आठवणीत उभ्या केलेल्या दगडांची एक ओळ होती. शेंदूर लावलेल्या एका दगडाजवळ काका उभे होते. हातात धातू शोधायचं यंत्र, पायाशी कुदळ. हातभर माती उकरून झाली होती.

"हीच का गळकाठी, काका?" फाल्गुनीने विचारलं.

काका दचकले, पण क्षणभरच. दुकानाच्या काउंटरवर गिऱ्हाईक आलं की येतं तसं हसू त्यांच्या तोंडावर आलं. "आता तुले काय सांगू, पोरी! हा पाह्य इंग्रजांच्या काळातला नकाशा. आठ दिवस याच्या शोधात होतो. जुना बाजार कुठं भरे, ते दाखवेल शे. जिथं बाजार, तिथं सांडलेली चांदी! नदीपासून दोनशे पावलं वर. मी मोजीसन आलो. आणि मशीन वाजी ऱ्हायनं!"

"ते माझ्या पणजीच्या कड्याला वाजतंय!" यामिनी ओरडली. "फुलवंताबाईच्या! पाणी चढलं तेव्हा आजाने घर सोडलं, पण हा दगड खांद्यावर वर आणला. तिचं चांदीचं कडं त्याच्याखाली पुरलं. ते काढू नका!"

"जुन्या गोष्टी सगळेच सांगतात," म्हणत काकांनी कुदळ उचलली.

यामिनी दगडाला बिलगली. कुदळ वरच राहिली. फाल्गुनीला काका पुरते ठाऊक होते. रडून ते विरघळत नसत, पण नुकसान म्हटलं की त्यांचे कान टवकारायचे.

"खणा की," नकाशावर नजर टाकत ती थंडपणे म्हणाली. "नाहीतरी बाजार दुसरीकडेच आहे. चांदी राहील तिथे, घाम गळेल इथे."

कुदळ खाली आली. जमिनीवर नाही, काकांच्या खांद्यावर. "दुसरीकडे? कुठं?"

"नकाशात बाजार या दोन टेकड्यांच्या बरोबर मध्ये आहे. ही सुळक्याची, ही सपाट माथ्याची. आता मान वर करा. दोन्ही कुठे दिसतात?"

"समोर," काका पुटपुटले.

"दोन्ही समोर! मग आपण मध्ये कसे?"

"काका," रिषभ म्हणाला, "पावलं कुठून मोजलीत?"

"पाण्यापासून. आणखी कुठून?"

"नकाशा काढला तेव्हा हे पाणी होतं का?"

काकांनी नकाशा पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी नकाशा आणि यंत्र उचललं नि थेट होडी गाठली. चांदीची आशा अजून सुटली नव्हती! फाल्गुनीने गुलाबसिंगला वाटेत सगळं सांगितलं. त्याने मान हलवली आणि होडी दोन टेकड्यांकडे हाकली. डावीकडे सुळका, उजवीकडे सपाट माथा. बरोबर मध्ये येताच त्याने दोराला दगड बांधून पाण्यात सोडला. दोर गेला. जात राहिला. संपला. तळ लागलाच नाही.

"शेट, हा बाजार," गुलाबसिंग म्हणाला. "लहानपणी इथंच मी गूळ-फुटाणे खायचो. वाजवा तुमचं मशीन."

काकांनी त्या काळ्या पाण्यावरून नजर उचलून वर उताराकडे पाहिलं.

"आणि तिथं वर..." त्यांनी विचारलं. "तिथं तुमची आई?"

"हो."

परत आल्यावर काकांनी चपला लांब काढल्या. कुदळीला हात न लावता, ओंजळी भरभरून त्यांनी माती परत ढकलली आणि तळव्याने थापली. यामिनी त्यांच्या हातांवर नजर ठेवून शेवटपर्यंत उभी होती. काकांनी घडी घातलेला नकाशा गुलाबसिंगपुढे धरला.

त्याने तो घेतला आणि फाल्गुनीच्या हातात ठेवला.

"शेट, तुम्ही नकाशा पाणी पाहून वाचला," तो म्हणाला. "पाणी जागा बदलतं. पोरीनं डोंगर पाहून वाचला. तिच्याजवळ राहू द्या."