शिकवलेला हेल

स्टुडिओचं जाडजूड दार ढकलून ती बाहेर आली, ती थेट त्याच्यावरच आदळली. त्याच्या पेल्यातली कॉफी तिच्या बाहीवर सांडली.

"अरे देवा... डाग पडला!"

"पडू दे. डाग दिसला की मी किती खूश होते, हेच तर तासभर सांगत होते आत."

तो हसला, मग एकदम थबकला. "साबणाच्या जाहिरातीत किलबिलत होत्या त्या तुम्ही? हा आवाज तर... कितीतरी खोल आहे."

"हा घरचा. कामावर आणला की दिग्दर्शक ओरडतात—बाई, नवऱ्याचा शर्ट धुताय, खून लपवत नाही!"

त्याचं काम कुलपाच्या जाहिरातीत होतं. फाटकाशी पेंगणाऱ्या पहारेकऱ्याला आवाज द्यायचा. तो डोंगरापलीकडून आलेल्या लोकांपैकी, आणि जाहिरातींत त्या लोकांना फाटकाशी पेंगण्यावाचून दुसरा उद्योगच नसे. पण हा जन्मला, वाढला इथेच. बोलणं स्वच्छ, दिग्दर्शकापेक्षाही.

"तुमच्या लोकांसारखं बोला ना!" दिग्दर्शक वैतागला.

"मी त्यांच्यातलाच आहे, साहेब."

"तसं नाही हो... खऱ्यासारखं!"

दारातून ऐकणाऱ्या तिला त्याची दया आली. ती पुढे झाली. "जीभ जरा जड करा. आणि शेवटी हेल काढा... असा, वर."

"असा?"

"अंहं. माझ्याकडे बघा."

तो बघू लागला, आणि हेल बाजूलाच राहिला. तिचे कान तापले. शेवटी एकदाचं जमलं: "झोपलो नाही साहेब, डोळे मिटून बघतो!" दिग्दर्शकाने टाळी वाजवली. तिलाही हसू आवरेना.

मग रोजचा चहा सुरू झाला, 'तुम्ही'चं 'तू' झालं. पावसात बसथांब्यावर एका छत्रीत उभं राहताना तो म्हणायचा, "बोल काहीतरी. घरच्या आवाजात." ती बोलायची, आणि तो बस सोडून द्यायचा.

जाहिरात तुफान चालली. रस्त्यात, दुकानांत, लग्नाच्या मांडवातसुद्धा तेच वाक्य, तोच हेल.

त्याचे वडील शाळेत विज्ञान शिकवत. ते फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून ते वाक्य यायचं आणि सगळा वर्ग खिदळायचा. आवाज त्यांच्याच मुलाचा, हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. घरी ठाऊक होतं.

"बाबांनी बोलणं बंद केलंय," एकदा तो छत्रीबाहेर बघत म्हणाला. "सगळं फळ्यावर लिहून शिकवतात. घरीही जेवढ्यास तेवढं."

"मुलंच ती. विसरतील रे," ती म्हणाली.

त्यानंतर तो स्टुडिओत आला नाही. फोनही उचलेना. शेवटी ती त्याच्या घरी जाऊन थडकली. दार वडिलांनी उघडलं.

"या. मुलगा घरी नाही, असं सांगायला सांगितलंय त्याने. पण मला खोटं बोलणं जमत नाही."

संथ, सपाट बोलणं. काचेचं भांडं ठेवावं तसा एकेक शब्द. शेवटी हेल नव्हता. कुठेच नव्हता! या लोकांपैकी कुणाचं बोलणं तिने आजवर नीट ऐकलंच नव्हतं. तो हेल ती शिकली होती जुन्या जाहिरातींतून. आणि त्या जाहिराती त्यांच्याहून जुन्या जाहिरातींतून.

तो बाहेर आला. वडील आत गेले.

"माझं चुकलं," ती जिन्याच्या कठड्याला धरून म्हणाली. "आणि... माझं प्रेम आहे तुझ्यावर. हेही आजच सांगायचं होतं."

"माझंही आहे." तो इतक्या पटकन म्हणाला, की क्षणभर तिला सगळा गुंता सुटल्यासारखं वाटलं. "म्हणून तर फोन उचलत नव्हतो. तुझा राग नाही गं. वाक्य मी बोललो, तू नाही. पण तू बोलायला लागलीस की... मला ते शिकवणंच ऐकू येतं. तू हसत होतीस. मीही हसत होतो."

"मग मी नाही बोलणार. नुसती शेजारी बसेन. चालेल?"

त्याने तिचा हात हातात घेतला, अंगठ्याने हलकेच दाबला आणि सोडून दिला.

"नको. घरात एक माणूस गप्प बसलाय... तेवढा पुरे झाला."

ती जिना उतरू लागली. त्याने दार लावलं नाही. पण हाकही मारली नाही.