वाऱ्याविरुद्ध चाललेला जाळ

नियम पहिला (गुणवंतीचा): आधी वारा विचारायचा

"चौघंच?"

"चौघंच."

"मग टोळी कसली? टोळी पाचांची हाय!"

जगन बोलून गेला. पाचवा रामू होता. आणि रामू परवा दुपारी झोपडीत जळून गेला होता.

गुणवंतीने मूठभर वाळका पाचोळा उचलून वर उडवला. पाचोळा पूर्वेकडे गेला.

"वारा दर्याकडनं," ती म्हणाली. "परवा पण दर्याकडनंच होता. मग आमच्या बाच्या शेतातला जाळ तिकडं जाईल कसा?"

१८९८ सालचा मे महिना. शहरात प्लेग होता. शाळा बंद होत्या, गिरगावातल्या चाळींना कुलपं लागली होती, आणि ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले होते. हेमचंद्र, म्हणजे हेमू, आणि त्याची बहीण ललिता आईआप्पांबरोबर नायगावच्या शेतांतल्या कॅम्पात आली होती. कॅम्प म्हणजे तट्ट्यांच्या भिंती आणि वर माडाच्या झावळ्या. अशा झोपड्यांच्या रांगाच रांगा. जगन आणि गुणवंती मात्र तिथलीच. त्यांचा बा तुळशीदास पावसाळ्यात भात लावी आणि एरवी शिवडीच्या खाडीत मासे धरी.

सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात तुळशीदासने या पोरांना राब रचायला घेतलं होतं. भाताची रोपं जिथे वाढवायची ती जमीन आधी भाजून काढायची. खाली शेण, त्यावर फांद्या, पाचोळा, गवत, आणि सगळ्यात वर मातीचा थर. मग पेटवायचं. गुणवंती तेव्हा मास्तरीण झाली होती. तिने प्रत्येकाला एकेक नियम पाठ करायला दिला होता. रामू सहा वर्षांचा. त्याच्या वाट्याला दुसरा नियम आला, आणि तो दिवसभर तेवढाच घोकत फिरे.

आता रामू नव्हता, आणि परवा राब पेटवला म्हणून आगीचा आळ येऊन तुळशीदास कॅम्पाच्या कोठीत कोंडलेला होता. उद्या दुपारी फौजदार त्याला न्यायला येणार होता.

नियम दुसरा (रामूचा)

हा शेवटी येईल.

नियम पाचवा (जगनचा): पेटवलं की जागा सोडायची नाही

"बा उठलाच नव्हता!" जगन ओरडला. "बांधावर बसून होता. भाकरपण तिथंच खाल्ली. मीच घेऊन गेलेलो!"

"आम्हाला काय सांगतोस? रावसाहेबांना सांग," हेमू म्हणाला.

"सांगितलं! ते म्हणाले, पोरगा बापाचीच बाजू घेणार."

रावसाहेब म्हणजे कॅम्पाचे सुपरिंटेंडंट गंगाधरपंत. माणूस वाईट नव्हता. पण गेले दोन महिने रोज कुणाचं तरी मरण लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि आता त्यांना ऐकून घ्यायला सवड राहिली नव्हती. त्यांनी तुळशीदासला एकच प्रश्न विचारला होता.

"राब कसा जाळतोस?"

"वाऱ्याच्या उलट, रावसाहेब. नेहमीच."

झालं! तुळशीदासचं शेत कॅम्पाच्या पूर्वेला. वारा पश्चिमेचा. वाऱ्याच्या उलट म्हणजे पश्चिमेकडे. म्हणजे थेट कॅम्पाकडे! गंगाधरपंतांनी लेखणी खाली ठेवली. आरोपीने स्वतःच कबूल केलं होतं.

"बा खरं बोलला आणि अडकला," गुणवंती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. दोन दिवस ती रडलीच नव्हती.

"पण मला एक कळत नाही," ललिता म्हणाली. ती बोटाने मातीत काहीतरी काढत होती. "हे आपलं शेत. मधे हे गवत. हा कॅम्प. जाळ शेतातून आला, तर आधी आमची रांग जळायला हवी. आम्ही शेताजवळ आहोत. रामूच्या आईची, काशीमावशीची झोपडी तर त्या टोकाला, माडांच्या वाडीला लागून!"

"आप्पा म्हणतात ठिणगी उडाली," हेमू म्हणाला.

"वाऱ्याच्या उलट? ठिणगी काय वल्हं मारत गेली?"

एरवी सगळे हसले असते.

ते उठले आणि शेताच्या कडेला गेले. मधलं गवत पिवळं, उभं, जसंच्या तसं होतं. एक काडी जळली नव्हती. मग ते काशीमावशीच्या जागेवर गेले. तिथे जायला कुणाचाच पाय उचलत नव्हता, तरी गेले. चार मेढींपैकी पूर्वेच्या दोन अर्ध्या उरल्या होत्या. वाडीकडच्या दोन जमिनीपर्यंत जळून गेल्या होत्या. आणि त्यांच्यामागून काळ्या गवताचा एक पट्टा सरळ माडांच्या वाडीत शिरत होता.

वाडीच्या तोंडाशी एका बांबूला लाल फडकं बांधलेलं होतं.

"रघू मुकादमाचं फडकं," जगन कुजबुजला. "तो म्हणतो आत साप हायेत."

नियम पाचवा, पुन्हा. कारण तो मोडलेला होता

रघू मुकादमाचं काम साऱ्या कॅम्पाला ठाऊक होतं. प्लेगने माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण बैलगाडीत घालायचं, लांब शिवडीच्या खाजणात न्यायचं, खड्ड्यात टाकून जाळायचं आणि राख होईपर्यंत उभं राहायचं. त्याची गाडी आली की आया पोरांना आत ओढून घेत.

वाडीत साप नव्हते. एक ढीग होता. वरून पाचोळा, गवत, झावळ्या. मधोमध काळा पडलेला.

"राबच की हा!" हेमू म्हणाला.

गुणवंती ढिगाभोवती लांबूनच फिरली. "राब? माडाच्या सावलीत कोण रोपं करतो रे? आणि वर माती कुठाय? आणि हे बघ, पेटवलाय कुठनं! दर्याच्या अंगानं! वारा पाठीशी घेऊन! ज्यानं केलाय त्यानं राब नुसता लांबनं बघितलाय."

हेमूने एक लांब बांबू उचलला आणि पाचोळा बाजूला सारला. खाली निळ्या पट्ट्यांचं कापड दिसलं. गादी. तिच्याखाली आणखी एक. आणि जळक्या कापसाचा तो वास.

"मागे व्हा!" ललिता किंचाळली. "ती मेलेल्यांची अंथरुणं आहेत!"

सगळे मागे सरले. पण जगन तिथेच थांबला. त्याने लांबूनच हात पुढे केला, तळवा ढिगाकडे धरला आणि तसाच उभा राहिला.

"ऊन लागतंय," तो म्हणाला. "अजून. आत धग हाय."

फाटलेल्या गादीच्या आत, कापसात, एक लाल ठिपका होता. वाऱ्याची झुळूक आली की मोठा व्हायचा, गेली की बारीक व्हायचा. कुणीतरी जळतंय ते जळतंय म्हणून निघून गेलं होतं. त्या आगीने रामूला नेलं, आणि ती अजून विझली नव्हती.

पोरं धावत आप्पांकडे गेली. आप्पा म्हणजे हेमू-ललिताचे वडील रमाकांत, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. त्यांनी निम्मंच ऐकलं.

"प्लेगच्या गाद्यांजवळ गेलात? अरे, अक्कल आहे का? आधी अंघोळी करा! कपडे उकळत्या पाण्यात टाका! पुन्हा त्या ढिगाजवळ गेलात तर तंगडी मोडीन!"

"पण आप्पा, आग अजून..."

"मुकादम शिवडीला नेतो सगळं. रावसाहेबांनी लिहून घेतलंय त्याच्याकडून. चूप!"

नियम तिसरा (हेमूचा): सभोवती कडं, उघड्या मातीचं

"आप्पांनी ढिगाजवळ जायचं नाही म्हटलंय," दुसऱ्या दिवशी सकाळी हेमू म्हणाला. "लांबून कडं काढायचं नाही, असं काही म्हटलेलं नाही!"

"तू मोठेपणी वकील होणार," ललिता म्हणाली.

"कुदळ घे."

ढिगापासून दहा-बारा पावलं लांब राहून त्यांनी गवत कापलं, पाचोळा ओढून काढला, नुसती लाल माती उघडी केली. हाताला फोड आले. कॅम्पाच्या बाजूचं कडं त्यांनी सगळ्यात रुंद केलं. ललिताने तिथे पाण्याच्या घागरी आणि भिजवलेली गोणपाटं मांडली.

"आता बाचं काय?" जगनने विचारलं.

"रावसाहेब वाडीत येणार नाहीत," गुणवंती म्हणाली. "त्यांना राब दाखवायला हवा. डोळ्यांनी."

नियम चौथा (ललिताचा): पाणी आधी, काडी मग

गंगाधरपंत फौजदाराची वाट पाहत ओट्यावर बसले होते. गुणवंती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"रावसाहेब, माझ्या बाला नेण्याआधी एकदा राब बघा. लहान रचलाय. दोन. भोवती कडं हाय, पाणी हाय."

"इथे माणूस मेलंय, मुली. आणि तू पुन्हा आग लावणार?"

"मेला तो रामू आमच्या टोळीतला होता," गुणवंती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला.

गंगाधरपंतांनी पगडी उचलून डोक्यावर ठेवली. मग उठले.

शेतात दोन सारखे वाफे रचले होते. ललिता मात्र तिथे नव्हती. ती वाडीजवळच्या कड्याबाहेर पितळी थाळी घेऊन पहाऱ्याला बसली होती. बघ्यांत रघू मुकादमही आला होता, हाताची घडी घालून.

"एक मी पेटवते," गुणवंती म्हणाली. "दुसरा मुकादमकाका, तुम्ही."

"मी? मी कशाला?"

"का? काडी ओढता येत नाही?" जगन म्हणाला.

लोक हसले. मुकादम चिडून पुढे आला. धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून तो सवयीने पश्चिमेला गेला, वाऱ्याकडे पाठ केली आणि काडी लावली.

भप्प! जाळ वाफ्यावरून धावत सुटला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत पलीकडच्या टोकाला! पेटलेला पाचोळा उडून पूर्वेकडे गेला, कड्यापलीकडे पडला. हेमू आणि जगन ओली गोणपाटं घेऊन तुटून पडले. आणि खालची माती? जेमतेम कोमट.

गुणवंतीने आपला वाफा पूर्वेच्या टोकाला पेटवला. जाळ वाऱ्यासमोर उभा राहिला. वारा त्याला मागे, जळलेल्याच जागेवर ढकलत होता. तो इंचाइंचाने पुढे सरकत राहिला आणि उघड्या मातीशी येऊन निमूट मेला.

"वाऱ्याच्या उलट," गुणवंती म्हणाली. "बा हेच म्हणाला होता, रावसाहेब. असा जाळ पळत नाय. असा जाळ बांध ओलांडत नाय."

गंगाधरपंत विझलेल्या वाफ्याशी वाकले. "म्हणजे मी..."

ठण् ठण् ठण् ठण्!

थाळी! सगळ्यांनी माना वळवल्या. दुपारचा वारा वाढला होता आणि माडांच्या वाडीतून काळा धूर उसळत होता.

"वाडीत कोण जाळतंय?" गंगाधरपंत ओरडले आणि धावले. त्यांच्यामागे सारा कॅम्प धावला.

ढीग पेटला होता. गाद्या फुटून पेटता कापूस वाऱ्यावर उडत होता, झोपड्यांच्या दिशेने. एक बोळा कड्यात पडला आणि उघड्या मातीवर विझला. दुसरा पडला. तिसरा कडं ओलांडून गेला. ललिताने त्यावर घागर उपडी केली.

"गोणपाटं!" हेमू ओरडला. "कड्याच्या आत जाऊ नका! बाहेर पडलेलंच विझवा!"

आप्पा, ज्यांनी तंगडी मोडायची धमकी दिली होती, ते धोतर खोचून पोरांच्या रांगेत उभे राहिले आणि घागरी देऊ लागले. जाळ कड्याआत धुमसला, भडकला, पुन्हा धुमसला. कड्याबाहेर आला नाही.

धूर विरला तेव्हा निळ्या पट्ट्यांच्या गाद्या सगळ्यांना दिसल्या. आणि त्यांच्यापासून निघून थेट काशीमावशीच्या झोपडीपर्यंत गेलेला काळा पट्टाही.

"मुकादम," गंगाधरपंत हळू म्हणाले. "ही अंथरुणं शिवडीला गेली होती ना?"

रघू मुकादम खाली बसला. "माझे दोन्ही गडी पळाले, रावसाहेब. एकट्यानं त्या गाडीबरोबर तासन्‌तास चालायचं... मलाही मरणाची भीती वाटते. म्हटलं, इथंच जाळू. राब लावलाय असं वाटेल. पेटवलं आणि दूर झालो. मला काय माहीत..."

कुणी त्याला मारलं नाही. कुणी जवळही गेलं नाही. फौजदार आला तो त्याला घेऊन गेला.

नियम दुसरा (रामूचा)

तुळशीदास कोठीतून बाहेर आला. त्याने आधी आभाळाकडे पाहिलं, मग पोरांच्या फोड आलेल्या हातांकडे.

"राब राहिलाय अजून," तो एवढंच म्हणाला.

दोन दिवसांनी राहिलेला राब लागला. या वेळी बांधावर गंगाधरपंतही होते. त्यांनी पोरांचे नियम कॅम्पाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावायला सांगितले होते.

"शाब्बास, पोरांनो!" ते सगळ्यांदेखत म्हणाले. "मी शिकलेला माणूस, पण ऐकायचं विसरलो होतो. हा कॅम्प तुमच्यामुळे उभा आहे!"

आप्पांनी हेमूच्या पाठीवर हात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौघांनी माना खाली घातल्या. बांधावर घागरी पाच होत्या. पाचवीजवळ कुणी उभं नव्हतं.

राब भाजून झाला. वर राखेची करडी साय आली. धूर थांबला. मंडळी धोतरं झटकत उठू लागली.

तेव्हा काशीमावशी आली. त्या दिवसानंतर ती कुणाशी बोलली नव्हती. आगीच्या दुपारी ती पाण्याला गेली होती, आणि परत आली तेव्हा सगळं संपलं होतं. ती सरळ पाचव्या घागरीपाशी गेली आणि वाफ्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली.

"माझा रामू रात्री झोपेतपण बडबडायचा," ती म्हणाली. "विझलं म्हणून उठायचं नाही. वर हात धरून बघायचा."

तिने तळवा राखेवर धरला. बराच वेळ धरला.

"अजून ऊन आहे," काशीमावशी म्हणाली.

तुळशीदास बसला. चारही पोरं बसली. मग गंगाधरपंतही, पगडी मांडीवर घेऊन, मातीत बसले.